दोन खोल्या, एक नंबर

लिफ्टवाल्यांच्या घरात अबोला सुरू झाला तो एका पडद्यावरून. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरभर तार फिरवायला घेतली होती. प्रत्येक खोलीत मायक्रोकंट्रोलरचं छोटं कार्ड, प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर आणि जिन्याखाली एक मुख्य पेटी. खोलीतलं बटण दाबलं की पेटीने तारेवरून नंबर पुकारायचा आणि त्या नंबरच्या कार्डाने तिथला दिवा नि पंखा चालू किंवा बंद करायचा. बायकोचे गुडघे दुखतात, दिव्यासाठी तिला शिलाई मशीनवरून उठावं लागू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. पण भिंतीला भोक पाडताना तिने नुकताच शिवलेला पडदा ड्रिलमध्ये गुंतला आणि त्याच्या चिंध्या झाल्या.

"दिसला नाही गं," ते म्हणाले.

"तारेपलीकडे तुम्हाला दिसतंय काय?" ती म्हणाली आणि गप्प झाली ती झालीच.

मुलगी घरी होती तोवर निभावलं. "आईला विचार, चहा झाला का?" "बाबांना सांग, ओट्यावर आहे." पण आज सकाळी तीही नोकरीच्या गावी परतली. जाताना म्हणाली, "आता तुमची तार तुम्हीच जोडा." घर मुकं झालं. ती रागाने का होईना, पण काहीतरी बोलू दे, एवढंच लिफ्टवाल्यांना हवं होतं. काम पुरं झालं की तिचा राग जाईल, या आशेने त्यांनी शेवटचं कार्ड बाथरूममध्ये बसवलं, बटण दाबलं आणि आंघोळीला बसले.

तोंडाला साबण लावला आणि दिवा गेला. चाचपडत पुन्हा बटण दाबलं, दिवा आला. लगेच पुन्हा गेला.

अबोल्यात थेट बोलायचं नसतं, पण हवेत बोलायला हरकत नसते.

"दिव्याशी कुणीतरी खेळतंय!" ते ओरडले.

"माझा पंखा लावायची कुणाला तरी हौस आलीय!" शिवणाच्या खोलीतून आवाज आला. "कापलेले तुकडे घरभर उडतायत!"

"इथे कुणाच्या तरी डोळ्यांत साबण गेलाय!"

"इथे कुणाची तरी बाही खिडकीबाहेर गेलीय!"

त्यांनी बटण दाबलं, तिने दाबलं. त्यांनी पुन्हा दाबलं, तिने पुन्हा. शेवटी अंधारात त्यांचा पाय बादलीला लागला आणि बादली धाडकन आडवी झाली.

"अहो! पडलात की काय?" दुखरे गुडघे विसरून ती दाराशी धावली.

"मी नाही गं, बादली पडली."

'अहो' ऐकून त्यांना इतका आनंद झाला की आणखी एक बादली पाडावीशी वाटली.

अंग पुसून ते जिन्याखाली गेले. ती टॉर्च धरून उभी राहिली. घोळ लगेच सापडला. पहिल्या दिवशी त्यांनी लिफ्टच्या सवयीने खोल्या शून्यापासून मोजल्या होत्या आणि भांडणानंतर डोकं ठिकाणावर नसताना चारचौघांसारख्या एकापासून. त्यामुळे चौथी असलेली शिवणाची खोलीही तीन नंबर आणि तिसरी असलेली बाथरूमही तीन नंबर. कुणीही बटण दाबलं की दोन्हीकडे हुकूम सुटत होता.

"जन्मभर लोकांना बरोबर मजल्यावर उतरवलंत," ती म्हणाली, "आणि घरातच चुकलात?" मग ती हसली. त्यांनी मान खाली घालून नंबर बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली, "अहो, माझा दिवा गेला बघा!"

लिफ्टवाले हातातला पेपर टाकून धावले. कार्ड उघडलं. तार तुटली नव्हती, जळली नव्हती, स्क्रू सैल करून अलगद बाहेर काढलेली होती. मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर तिने कापडाखाली सरकवला होता, पण त्याची मूठ बाहेरच राहिली होती. ती मन लावून सुईत दोरा ओवत होती.

काम मिनिटाभराचं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कार्डाकडे निरखून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मोठा बिघाड आहे. सगळी दुपार जाईल."

"मग बसा की स्टुलावर," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलायला लागली.