दहा हजार पावलांचे पप्पा

प्रविण ठाकूरच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि त्यावर अक्षरं उमटली : 'उठा, थोडं चाला.'

"तुला काय करायचंय?" प्रविणने घड्याळालाच सुनावलं आणि सोफ्यावर कूस बदलली. समोर टीव्हीवर कबड्डी, पोटावर कांदाभज्यांची बशी. "अरे पकड, पकड त्याला! आजकालच्या पोरांत दमच नाय राहिला." हे एवढं ओरडूनच त्याला धाप लागली.

घड्याळ कंपनीचं होतं. प्रविण राहायला पेणच्या रामवाडीत आणि कामाला रोह्याच्या एका कंपनीत, सेकंड शिफ्टला. दुपारी दोन ते रात्री दहा, अकरा वर्षं. काम म्हणजे पॅनेलसमोर बसून कुठला दिवा लाल होतो का ते बघणं. आता कंपनीला अचानक कामगारांच्या तब्येतीचा पुळका आला होता. एचआरच्या आदर्श सरांनी स्पर्धा काढली. महिनाभर रोज किमान दहा हजार पावलं चालायचं, आणि सगळ्यात जास्त चालेल त्याला वर्षभर जनरल शिफ्ट! प्रविणच्या तोंडाला पाणीच सुटलं. नऊला जायचं, सहाला सुटायचं, माणसासारखं घरी जेवायचं.

अट एकच. प्लांटात घड्याळ चालणार नाही, ते गेटवर काढून ठेवायचं. त्यामुळे दिवसभर पोती वाहणाऱ्या काळुरामची पावलं कोणी मोजणारच नव्हतं. ते काम. आरोग्य वेगळं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रविणची पावलं भरली अकराशे चाळीस. त्यातली निम्मी फ्रीजपर्यंतची.

"पप्पा, सही." त्याची नववीतली मुलगी किमया कागद घेऊन समोर उभी राहिली. शाळेच्या कबड्डी संघात तिची निवड झाली होती. तालुक्याचे सामने महिन्याभरावर, आणि पालकांच्या सहीशिवाय मैदानात पाय ठेवायचा नव्हता. मागायची ही चौथी वेळ.

"नाय सांगितलं ना गो? गुडघा फुटला म्हंजे? उद्या लग्नात लोक विचारतील."

"टीव्हीवरच्यांचे नाही फुटत?"

"ते पुरुष हायत. त्यांची तब्येत बनते खेळून."

म्हणजे एकच खेळ, पण मुलाने खेळला की व्यायाम आणि मुलीने खेळला की अपघात! तेवढ्यात प्रविणची बायको सरू पाण्याची कळशी घेऊन आत आली. बिल्डिंगची मोटर बंद होती, म्हणून तिसरा मजला आणि ही सहावी फेरी. "कंबर मोडली गो बाय माझी," ती मटकन बसली.

"मोडणारच. व्यायाम नाय ना तुला," प्रविण म्हणाला आणि शेवटचं भजं तोंडात टाकलं.

घड्याळ पुन्हा थरथरलं. किमयाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग पप्पांकडे.

"पप्पा, आमची प्रॅक्टिस रोज पाच ते सात असते. तुम्ही तेव्हा रोह्याला. घड्याळ मात्र पेणला राहू शकतं."

प्रविण उठून बसला. दिवसभरातला त्याचा सर्वात मोठा व्यायाम तो हाच.

"किती होतील?"

"दहा हजार तर वॉर्मअपमध्येच."

एवढं काही होत नाही, पण सही झाली.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ रुमालाने बांधून किमयाच्या पोटरीला. ती धावली, चढाया केल्या, धुळीत लोळली, आणि प्रविण रोह्यात खुर्चीवर बसून निरोगी होत गेला. रविवारी प्रॅक्टिस नसायची, तेव्हा घड्याळ सरूकडे. झाडू, पाणी, बाजार, गच्चीवरचे पापड. रात्री आकडा पाहून प्रविणचे डोळे फिरले. एकवीस हजार!

"घड्याळ बिघडलं वाटतं," तो म्हणाला.

"व्हय, ते बिघडलं असंल," सरू म्हणाली आणि कमरेला बाम चोळत बसली.

महिना संपला. रोह्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, बायकामुलांसकट बोलावलं होतं. प्रविण ठाकूर पहिला! टाळ्या! आदर्श सर माइकवर म्हणाले, "खेळाला वय नसतं, परिस्थिती नसते, फक्त इच्छा लागते. पाहा हे हृदय!" पडद्यावर आलेख झळकला. "ठाकूर, तुमच्या शरीराचं वय या घड्याळाप्रमाणे चौदा वर्षं आहे."

प्रविणने पोट आत ओढून हात जोडले.

"आणि आता पाहू, आपले विजेते कुठे चालतात!" सरांनी बटण दाबलं. घड्याळात नकाशा होता हे प्रविणला ठाऊकच नव्हतं. तसं पुस्तिकेत लिहिलं होतं, पण पुस्तिका खोक्यात होती. पडद्यावर पेणचं शाळेचं मैदान आलं, त्यावर लाल रेघांचा गुंता आणि खाली वेळ : सायंकाळी पाच ते सात.

टाळ्या थांबल्या. आदर्श सरांनी हळूच विचारलं, "ठाकूर, त्या वेळी तुम्ही ड्युटीवर होतात ना? मग तुमचं पंचिंग कोण करत होतं?"

पहिल्या रांगेतले मोठे साहेब पुढे झुकले. प्रविणने मनात हिशेब केला. पेणला होतो म्हणावं तर नोकरी जाणार. रोह्याला होतो म्हणावं तर बक्षीस.

"साहेब, मी खुर्चीवरच होतो! आईशप्पत, हललोसुद्धा नाय! विचारा कोणालाही!"

"खरं हाय साहेब," मागून काळुराम ओरडला. "चहासुद्धा मीच नेऊन देतो त्यांना."

"मग मैदानावर कोण होतं?"

"माझी मुलगी! कबड्डी खेळते ती. तालुक्याला. माझ्या सहीने!" प्रविण जीव तोडून ओरडला. "रोज खेळते! मी कधी अडवलं नाय तिला!"

हॉलमधल्या चारशे माणसांनी ते ऐकलं. तिसऱ्या रांगेत किमयाने आईला हळूच चिमटा काढला.

जनरल शिफ्ट दुसऱ्याला गेली. नोकरी वाचली, पण साहेबांनी शिक्षा दिली. पुढचा महिनाभर रोज दहा हजार, स्वतःच्या पायांनी, नकाशासकट.

परतीच्या बसमध्ये प्रविण किमयाकडे वळला. मग म्हणाला, "पुस्तिकेत नकाशाचं होतं काय गो?"

"पान सात."

"मग सांगितलं का नाय?"

"तुम्ही पानाचं विचारलंत कुठे? पावलांचं विचारलंत."

तालुक्याच्या सामन्याला प्रविणने सुट्टी टाकली. किमया चढाईला गेली की तो रेषेबाहेर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. ती परत आली तरी चालायचा. मध्यंतरातही चालायचा. शर्ट घामाने भिजला, चेहरा लाल. शेजारची चंद्रावती सरूला म्हणाली, "बाप बघ गो कसा जीव टाकतो लेकीवर! दोन घटका बसला नाय."

सरू मात्र खुर्चीत पाय पसरून बसली होती. "त्याला डॉक्टरने चालायला सांगितलंय," ती म्हणाली. "मला आराम."

संघ दोन गुणांनी जिंकला. मुलींनी किमयाला खांद्यावर घेतलं, मैदान रिकामं झालं, चुन्याच्या रेषा पुसल्या गेल्या.

"पप्पा, चला ना. संपली मॅच."

"थांब गो," प्रविण धापा टाकत वळला, "अजून चारशे राह्यलेत."