सैल सोडा

"झोप म्हणजे काय मोठं यंत्र आहे?" लिफ्टचे मिस्त्री जिना चढता चढता बायकोला म्हणाले. "एका बैठकीत दुरुस्त होईल बघ."

तीन महिने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कूस बदलून बदलून गादीला खड्डा पडला होता. गरम दूध झालं, तळपायाला तेल झालं, शेवटी बायकोने संमोहनाने झोप आणणारे डॉक्टर शोधून काढले. दवाखाना सातव्या मजल्यावर होता आणि मिस्त्री मात्र जिन्यानेच निघाले होते.

"इथली लिफ्ट तुम्हीच सांभाळता ना?" बायको धापा टाकत म्हणाली.

"व्यायाम होतो."

"तुमचा होऊ दे. मी खालून भाजी घेते आणि लिफ्टनेच परत येते. माझे गुडघे व्यायामाला आलेले नाहीत."

डॉक्टरांचा आवाज दुधावरच्या सायीसारखा होता. त्यांनी मिस्त्रींना आरामखुर्चीत बसवून डोळे मिटायला लावले. "तुम्ही लिफ्टमध्ये आहात. ती हळूहळू खाली चाललीय. सात... खोल जाताय... सहा... आणखी खोल..."

"वेग किती?" मिस्त्रींनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"अगदी संथ. पाच... सगळं सैल सोडा. चार... सगळं सैल झालंय..."

सैल! मिस्त्रींचे डोळे खाडकन उघडले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी याच इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक बदलला होता. शेवटचा नट बोटांनी बसवला आणि तेवढ्यात फोन वाजला. नंतर पाना लावला होता का? काही केल्या आठवेना. आणि बायको लिफ्टने वर येणार होती.

ते खुर्चीतून उठले ते थेट दाराबाहेर. एकेक पायरी गाळत ते गच्चीकडे पळाले. मशीनच्या खोलीची किल्ली कमरेलाच होती, पण घाईत ती कुलपात जाईना. आतून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. 'बसली ही आत!' दार उघडताच त्यांनी मुख्य स्विच खाली ओढला.

सगळं शांत झालं. मग खोल खालून किंकाळी आली. पुरुषाची, आणि आवाज डॉक्टरांचा.

रोगी अर्ध्या संमोहनात रस्त्यावर पळाला असं समजून डॉक्टर लिफ्टने त्यांच्या मागे निघाले होते. ते आता पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकत होते.

बायको वाचली म्हणून मिस्त्रींनी श्वास सोडला आणि डॉक्टरांच्या विचाराने लगेच परत धरला. भिंतीवरचा पाना काढून त्यांनी नटाला लावला. नट तसूभर हलला नाही. अंगाचा सगळा भार टाकून पाहिला, तरी नाही. नटावर त्यांच्याच हाताने मारलेली पिवळ्या रंगाची खूण होती, आणि ती खूण ते नट आवळल्याशिवाय कधीच मारत नसत.

मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले. स्विच चालू करायला उठायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

लिफ्ट बंद बघून बायको पिशवी सांभाळत, नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत जिना चढली. वाटेत लिफ्टच्या दारामागची ठोकाठोक आणि डॉक्टरांच्या हाका ऐकून ती काय ते समजली आणि तडक गच्चीवर गेली. पाना छातीशी धरून मिस्त्री घोरत होते. तीन महिन्यांनी पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती. तिने स्विचकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चवड्यांवर चालत खाली आली.

"डॉक्टर, झोपले हो ते," ती लिफ्टच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली. "गुण आला तुमच्या हाताला."

"बाई, आधी मला बाहेर काढा. मला बंद जागेची फार भीती वाटते."

"मग त्यावर संमोहन नाही का?"

"स्वतःवर चालत नाही ते," डॉक्टर रडकुंडीला आले.

"अर्धाच तास काढा," ती पायरीवर बसत म्हणाली. "आणि जरा हळू बोला, वर आवाज जातो."