दात दिसले की वाढदिवस

माझ्याइतकं झटपट वर्तमानपत्राचं पान लावणारा माणूस आमच्या कचेरीत दुसरा नाही! वाढदिवस आणि श्रद्धांजली एकाच पानावर येतात. बाकीचे मजकूर वाचत बसतात. मी नाही! फोटोत दात दिसले की शुभेच्छा, नाही दिसले की श्रद्धांजली. चेहराही बघायला लागत नाही.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीची जाहिरात मी हौसेने आमच्याच पेपरात दिली. बारा वर्षांत ते माझ्याशी धड चार वाक्यं बोलले नव्हते. निदान पेपर बघून बोलतील, एवढीच आशा. बायको तयारीला आदल्या दिवशीच माहेरी गेली होती.

सकाळी पेपर उघडला आणि हातातला कप पडला. श्रद्धांजलीच्या चौकटीत ओठ मिटलेले सासरे! खालचं नाव वाचायचं सुचलंच नाही. छापलंय म्हणजे गेले! फोन कुणी उचलेना. तसाच सासरी धावत सुटलो.

दार सताड उघडं. आत खुर्च्यांच्या रांगा, फुलांची टोपली, आणि चिटपाखरू नाही. शेवटच्या खुर्चीत पांढऱ्या कपड्यांत सासरे. हालचाल नाही. नजर माझ्यावर रोखलेली.

“बाबा,” मी कसाबसा म्हणालो, “मला तुम्ही दिसताय.”

“दिसणारच.”

“बाकीच्यांना?”

“बाकीचे गेले. मला एकट्याला ठेवून.”

अंगावर सर्रकन काटा आला. त्यांचा हात धरला. बर्फासारखा गार! मला रडूच कोसळलं.

“बाबा, माफ करा! तुमची दुर्बीण मांजराने नाही, मी पाडली. तुम्हाला घाबरून बोललो नाही. पण तुम्ही मला आवडायचात हो! फार चांगले होतात!”



“होतात?” सासऱ्यांनी मांडीवरची बर्फाची पिशवी पुन्हा डोक्यावर ठेवली. “सकाळपासून माझं डोकं फुटतंय. सगळे तुमच्या कचेरीत गेलेत, दुसऱ्याच्या श्रद्धांजलीत माझा फोटो लावणारं गाढव शोधायला.”

मी दाराकडे सरकलो.

“बसा,” ते म्हणाले. आवाज जरा ओला होता. “माझ्यासाठी इतकं कुणी रडलं नव्हतं. ते दुर्बिणीचं नीट सांगा.”

आता ते माझ्याशी रोज तासभर बोलतात. मलाही बरं वाटतं. फक्त ते बोलता बोलता थांबले, की मी हळूच नाडी बघून घेतो.