टोपीतलं भाषण

"किसन्या, दोर सोडू नको बे. माझं शेवटचं बाकी हाये."

रंगरावाचा हा आवाज किसनरावांच्या कानात सेहेचाळीस वर्षांपासून मुक्कामाला होता. धाड गावच्या शाळेपुढे लाकडी बल्ल्यांचं स्टेज, त्यावर राजाच्या वेशात रंगराव आणि विंगेत पडद्याचा दोर धरून उभा असलेला तरणाताठा किसन्या. गुंडाळीचा पडदा होता तो. दोर हातात असेपर्यंत वर, सुटला की दाणकन खाली. रंगराव शेवटच्या ओवीला आला. पहिली ओळ त्याने अशी म्हटली की बाया पदराने डोळे पुसू लागल्या. आणि पडदा पडला. दुसरी ओळ पडद्यामागेच राहिली. रडायला बसलेलं गाव हसत घरी गेलं.

किसन्याने सांगितलं, दोर तुटला. गावाने मानलं. सकाळी कुणी पाहायला यायच्या आत त्याने विळ्याने दोर कापूनही ठेवला. खोट्याला पुरावा हवाच. रंगराव एका शब्दाने बोलला नाही, पण त्यानंतर त्याने तोंडाला कधी रंग लावला नाही. पुढे दोघांची शेतं बांधाला बांध लागून पिकली, एका फडक्यातली भाकर दोघांनी खाल्ली. दोराची गोष्ट मात्र किसनरावांच्या ओठापर्यंत येई आणि सुपारीच्या खांडाबरोबर गिळली जाई. दोन वर्षांमागे रंगराव गेला. आता सांगायचं तरी कोणाला?

रंगरावाची नात पूनम बुलढाण्याला कॉलेजात होती. तिने आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं, 'बिनदाती दोस्ती'. एक म्हातारा, एक पोरगी. त्याला दात नाहीत, तिला धीर नाही. दोघं बांधावर शेंगा फोडत बसतात आणि बसता बसता दोस्त होतात. पोरगी ती स्वतः होणार होती. म्हाताऱ्याचं काम घेऊन ती किसनरावांच्या ओसरीवर आली.

"नाही म्हणू नका आबा. हे आपल्या दोघायचंच हाये."

किसनरावांनी गुडघ्यापासून मोतीबिंदूपर्यंत सगळी कारणं काढली. शेवटी पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ह्यांची कारणं संपली.

पाठांतर बरं झालं. वांगी तोडताना, म्हशीला पाणी दाखवताना ते संवाद म्हणत. निम्मे तर म्हशीलाही पाठ झाले असावेत. शेवटचं भाषण तेवढं राहीना. पूनमने त्याच्या टोकाला आजोबांकडून ऐकलेली तीच ओवी घातली होती. तिथे आलं की किसनरावांची जीभ टाळूला चिकटे. मग त्यांनी मार्ग काढला. नाटकात म्हातारा शेवटी टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो. किसनरावांनी कोरी पांढरी टोपी आणली आणि तिच्या आतल्या घडीवर निळ्या शाईने सगळं भाषण उतरवलं. एवढी अक्कल वेळेवर सुचली असती तर मॅट्रिक झालो असतो, असं मनाशी म्हणाले आणि मनाशीच लाजले.

चैत्रातल्या दुपारी चार वाजता, त्याच शाळेपुढे मांडव भरला. आता गावाची रीत अशी की सत्काराशिवाय काही सुरू होत नाही. टोपी, दुपट्टा, नारळ. अकरा पाहुणे धरून अकराच टोप्या आणल्या होत्या, बारावे नारायणराव ऐनवेळी आले, तेही मान्यवर आणि बोडके. सगळी व्यवस्था बघणारा आणि गुंडाळीच्या पडद्याचा दोरही धरणारा गजेंद्र विंगेत धावत आला. किसनरावांच्या डोक्यावरची कडक टोपी त्याने अलगद उचलली.

"गजू, थांब. ते... ते धुतेल नाही."

"आबा, कोरी करकरीत हाये. तुमचं काम गरीब म्हाताऱ्याचं, तुमी बोडके शोभता."

तिच्यात काय आहे, हे चारचौघांत सांगणार कसं? दोन मिनिटांत किसनरावांचं भाषण नारायणरावांच्या डोक्यावर चढलं आणि टाळ्या घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसलं.

नाटक मात्र रंगलं. शेंगांना हशा पिकला, बिनदाती बोलांना बायांनी पदर तोंडाला लावले. शेवटचा प्रवेश आला. पूनमने आपलं वाक्य टाकलं. किसनरावांचा हात सवयीने डोक्याकडे गेला आणि टकलावरून घसरून खाली आला. पूनमने वाक्य पुन्हा टाकलं. पोरीचं पहिलं नाटक आपल्या हातून बुडतंय, हे त्यांना लख्ख दिसलं. काही न सुचून ते सरळ स्टेजवरून उतरले.

"पाव्हणे, जराशी टोपी पाहू द्या."

दुसऱ्यांदा सत्कार होतोय असं समजून नारायणरावांनी नम्रपणे मान वाकवली. टोपी उचलली तर आत नुसता निळा चिखल. चैत्राचा घाम आणि खोबऱ्याचं तेल यांनी भाषण धुऊन काढलं होतं. उरलंसुरलं नारायणरावांच्या चकचकीत डोक्यावर उलटं उमटलं होतं. किसनरावांनी वाकून तेही वाचायची खटपट केली. मांडव हसून लोटपोट झाला. त्या हसण्याला किसनराव ओळखत होते. सेहेचाळीस वर्षांपूर्वीचंच होतं ते, तेव्हा रंगरावाच्या वाट्याला गेलेलं. त्यांच्या कानशिलांवर ऊन चढलं.

ते वर आले, खाली बसले. पूनमने हळूच ओवीची पहिली ओळ म्हणून दिली:

"एका जुवाखाली दोन, उन्हातान्हात चालले..."

दुसरी ओळ त्यांना येत होती. जन्मभर येत होती. पण ती म्हणायला तोंड नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "दोर तुटला नव्हता."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"तुया आज्याचा पडदा मी पाडला. त्यानं अशी ओळ म्हटली, अशी म्हटली, का मले राहवलंच नाही. मी दोन्ही हातानं टाळी वाजवली. दोर हातात हाये हेच ध्यानात नाही राह्यलं. अन् मंग लाजंपायी खोटं बोललो. त्याचं नाटक मी बुडवलं, बाई. अन् मरेपर्यंत त्याले सांगलं नाही."

हा नाटकातलाच भाग आहे, असं गावाला वाटलं. कोणीतरी नाक ओढलं. मग एक टाळी पडली, दहा पडल्या, सगळा मांडव कडाडला. विंगेत गजेंद्रही गहिवरला आणि त्याने दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

पडदा दाणकन खाली आला.

पलीकडे टाळ्या थांबेनात. अलीकडे शेंगांच्या टरफलांत म्हातारा आणि पोरगी दोघंच उरली. किसनराव मान खाली घालून निळी टोपी चुरगाळत होते. पूनम त्यांच्याजवळ सरकली.

"आबा, एक मीबी लपवलं तुमच्यापासून. आजोबाले माहीत होतं. विंगेतून त्यायले टाळी ऐकू आली होती. अन् नाटक तर आजीनं सोडायले लावलं, बाईच्या कामाले मिशी काढा लागे म्हणून. तुमचं नाव निघालं का ते हसत अन् म्हणत, हातातला दोर सोडून टाळी वाजवणारा माणूस जन्मात एकदाच भेटते."