चौकशीला आलेली पोरगी

२०२३ सालच्या माघातली गोष्ट. केजच्या किराणा दुकानदार कल्याणरावांच्या मुलाचं, मृत्युंजयचं, धर्मापुरीच्या मोहिनीशी जमत आलं होतं. आपल्याकडे सोयरीक पक्की होण्याआधी मुलीकडचे कुणाला तरी गुपचूप चौकशीला धाडतात. घरात दुखणं आहे एवढ्यावर मोडलेल्या सोयरिका मृत्युंजयच्या आईनं, उमाबाईंनी, पाहिल्या होत्या. म्हणून त्यांनी आपला साखरेचा आजार उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता.

अशात एका दुपारी रुचिका आली. बीडची पोरगी, आरोग्याचा अभ्यास करणारी. आजारासोबत बायका कशा जगतात ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, हे तिचं काम. घर दाखवलेलं आशाताईंनी, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यकर्तीनं; गोळ्या आणून देत असल्यानं बाहेरच्यांत एकट्या त्यांनाच उमाबाईंचा आजार ठाऊक होता.

"तब्येतीविषयी बोलायचंय, मावशी. तुमचं नाव कुठंच येणार नाही."

उमाबाई सावध झाल्या. नाव गुपित ठेवायचं म्हणतेय म्हणजे धर्मापुरीचीच!

"आजार? आमच्यात शिंकत बी न्हाई कुणी."

उत्तर आलं की लगेच पुढचं विचारू नये, गप्प राहावं, माणूस आपोआप मोकळं होतं, असं रुचिकाला सरांनी शिकवलं होतं. ती गप्प राहिली. उमाबाईंना वाटलं, हिला पटलं नाही. त्यांनी पाहुणीपुढचा पेढा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

"बघ, पथ्य न्हाई का पानी न्हाई."

रुचिका मान हलवून आणखी गप्प. दुसरा पेढा गेला. तिसरा तोंडाशी असताना कल्याणराव आत आले.

"अगं, मरायचंय का? साखर किती हाय तुझी..."

"दुकानात लई हाय, म्हाईत हाय! जावा, गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

पण बोलता बोलता भीतीनंच त्यांना दरदरून घाम फुटला. सरांची शिकवण विसरून रुचिकानं त्यांचा हात धरला.

"मावशी, माझी आईपण अशीच करते. लोकांत जिलबी खाते आणि घरी येऊन रडते."

उमाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "तू धर्मापुरीची न्हाईस?"

"मी बीडची."

"मंग मुक्यावानी का बसलीस गं? माझा जीव घेतीस का काय!"

कल्याणराव हसत भिंतीला टेकले. उमाबाईही हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग दिवेलागणीपर्यंत त्या बोलत राहिल्या. हळदीच्या डब्यात लपवलेल्या गोळ्या, रात्रीची तहान, आणि पोराचं लग्न बघायच्या आधीच साखरेपायी पाय कापावा लागेल ही भीती. ही भीती त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. कल्याणराव दुकान उघडं टाकून ऐकत बसले.

पुढं रुचिकाला पदवी मिळाली. आता ती नव्या पोरांना शिकवते, "गप्प बसण्याआधी आपण कुणाकडून आलो ते नीट सांगा." कल्याणराव बिनसाखरेचा चहा पितात आणि रोज कुरकुरतात. आणि त्याच साली, सुपारी फुटायच्या दिवशी, उमाबाईंनी धीर करून मोहिनीच्या आईला, कावेरीबाईंना, सगळं सांगून टाकलं. कावेरीबाईंनी आग्रहानं हातात आलेला पेढा हळूच ताटलीत ठेवला.

"आधी सांगायचं न्हाई का, इहीनबाई? मलाबी साखर हाय! सकाळपासून दाढ दुखती म्हणून सांगून सांगून माझं तोंड दुखलं!"