कासवसरांची शेपटी

एका जंगलात, बाळांनो, एक नियम होता. गुरूंना तपासायला दिलेला कागद परत मागायचा नाही. का मागायचा नाही, हेही विचारायचं नाही.

त्या जंगलात एक खार संशोधन करायची. ती खार मीच. गोष्टीत ती फार हुशार वाटली, तर तो सांगणारीचा दोष समजा.

मी दोनशे दिवस सागाच्या शेंड्यावर बसून एकच गोष्ट पाहिली. खारी बिया पुरतात आणि विसरून जातात. त्या विसरलेल्या बियांमधून जंगल वाढतं. विसरभोळेपणा हा आमच्या घरातलाच विषय, म्हणून सुचला.

लेख लिहून मी मार्गदर्शक कासवसरांकडे नेला.

"ठेव इथे," ते म्हणाले.

मी ठेवला. सहा महिने गेले. लेख छापून आल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. मुदत संपत आली. शेवटी मी दुसरी प्रत काढली आणि जंगलाच्या संशोधन पत्रिकेकडे स्वतःच पाठवली.

पत्रिकेत तेव्हा वाङ्मयचौर्य रोखायची मोहीम जोरात होती. समितीचे अध्यक्ष होते पोपटराव. नक्कल ओळखायला अनुभवी प्राणी हवा ना!

त्यांनी एक जाळं लावलं होतं. कोळीणबाई प्रत्येक लेख त्यातून गाळायच्या. आधी कुणी छापलेला मजकूर जाळ्याला चिकटायचा. दहा टक्क्यांहून जास्त चिकटला, की लेख चोरीचा.

माझा चौऱ्याऐंशी टक्के चिकटला.

गंमत म्हणजे, न चिकटलेला भागच खरा चोरीचा होता. 'जंगल हा सजीवसृष्टीचा अविभाज्य घटक आहे' अशी ती प्रस्तावना. सगळ्यांनी ती इतक्या वेळा उतरवली होती, की तिथलं जाळंच झिजलं होतं.

"कुणाशी जुळतंय?" मी विचारलं.

"कासवसरांशी," कोळीणबाई म्हणाल्या. "गेल्याच महिन्यात छापून आलाय त्यांचा."

मी उसळले. पोपटरावांनी मला शांत केलं.

"अगं वेडे, शब्द बदल की. आम्ही सगळे असेच मोठे झालो."

आणि बाळांनो, ही जहाल, बंडखोर खार घरी गेली आणि शब्द बदलत बसली. 'बी'ची मी 'वृक्षपूर्व गोलाकृती' केली. 'खार विसरते'चं 'खार स्मरणनिवृत्त होते' केलं. चार दिवस लागले. खोटं कशाला बोलू, मजा आली. शेवटी लेख मलाच कळेना.

साम्य तीन टक्के! समितीने टाळ्या वाजवल्या. मुद्दाम बोलावलेल्या कासवसरांनीही वाजवल्या. मी लाजलेसुद्धा.

"आता एवढी सही कर," पोपटरावांनी कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं : 'या लेखातली कल्पना मूळची कासवसरांची आहे. मी त्यांची ऋणी आहे.'

मी पंजा शाईत बुडवला. शेजारीच सरांचा छापील लेख पडला होता. सहज नजर गेली. मी मोठ्याने वाचलं :

"'शेपटीने तोल सांभाळत सागाच्या शेंड्यावरून दोनशे दिवस निरीक्षण केले.' सर, तुम्ही सागावर चढलात?"

"संशोधनात कष्ट घ्यावे लागतात," कासवसर म्हणाले.

"आणि तोल शेपटीने सांभाळलात?"

सरांनी मागे वळून आपली शेपटी बघायचा प्रयत्न केला. ढाल आड आली.

"पोरी, मोठ्यांशी असं बोलतात?" पोपटराव ओरडले. "सही कर. नाहीतर पदवी विसर."

"विसरते. विसरण्यात खारीचा हात कोण धरणार? पण सही करणार नाही. आणि सर, माझा कागद परत द्या."

कासवसरांनी मान आत घेतली. पोपटरावांनी चोच उघडली, आणि तशीच ठेवली. उतरवायला त्यांना कुणाचंच वाक्य सापडलं नाही.

तात्पर्य : गुरूंना लेख देताना त्यातली आपली शेपटी आपणच आधी काढून द्यावी. गुरूंची पंचाईत होत नाही आणि आपल्याला पदवी मिळते. मला अजून मिळालेली नाही.