मूळ कुठले?

नागपूरजवळच्या बेसा भागातल्या आमच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की सामान उतरायच्या आधी गुलाबकाका खाली उतरतात. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला हा गृहस्थ ना पाणी विचारत, ना नाव. पहिला सवाल एकच. "मूळ कुठले?"

"नागपूरचेच," म्हणून सुटका नाही. "ते झालं आताचं. त्याच्या आधीचं?" असं खोदत खोदत ते पाहुण्याच्या पणजोबापर्यंत पोचतात. मग डोळे मिटून निकाल देतात, "समजलं. तुमचं मत कुठं जाते, सांगू काय?"

माझ्या मताचा निकालही त्यांनी असाच लावला. तो साफ चुकला, तर मलाच ऐकवलं, "तुमच्याकडचे लोकं तसं करतच नाहीत!" काकांचे अंदाज दर निवडणुकीत आपटतात. त्यांच्या मते त्यात चूक मतदारांची असते. तरी सगळे उमेदवार त्यांच्याकडे चहाला येतात आणि काकू गेल्यापासून काका तो चहा स्वतःच करतात, भयंकर गोड.

यंदा तिसऱ्या मजल्यावर रेमी आली. मिझोरमची, दवाखान्यात नर्स. काकांनी खोदकाम काढलं.

"मिझोरम. उसके पहले?"

"मिझोरम," ती हसली.

काका बेचैन. "कोणत्याच गठ्ठ्यात बसत नाही गा ही पोट्टी!"

त्यातच निवडणूक लागली. एका उमेदवारानं "बाहेरच्यांना थारा नाही" असं भाषण ठोकलं आणि आमच्या सेक्रेटरींच्या अंगात आलं. रविवारी दुपारी मीटिंग. "त्या मुलीले फ्लॅट खाली करायले सांगू. कुठली कोण! चेहरा तरी आपल्यासारखा आहे काय?" रेमी मागच्या खुर्चीवरच होती. मराठी येत नसलं, तरी तिला कळायचं ते कळलं.

काका उठले. मला वाटलं, आता संपलंच हिचं.

"सेक्रेटरी साहेब, मूळ कुठले?"

"काका, माहीत आहे ना तुमाले. बालाघाट, मध्य प्रदेश."

"अन् अध्यक्ष?"

"गोंदिया," अध्यक्ष पुटपुटले.

"मी भंडाऱ्याचा. इथं पराटीचं, कापसाचं वावर होतं. मूळची म्हणाल तर तेवढी पराटी, अन् तिले आपण कापून टाकलं. काढा मग सगळ्याइले! कुलूप लावून जाऊ."

सगळे खो खो हसले. सेक्रेटरींनाही हसावं लागलं आणि विषय तिथंच मिटला.

जिन्यात मी विचारलं, "काका, आज हे काहून?"

ते कठड्याला धरून थांबले. "कॅनडात नात आहे माही. तिथंही निवडणूक चालू हाय. शाळेत पोट्टे तिले विचारून राहिले, तू मूळची कुठली? तिथंच जन्मली बिचारी. फोनवर म्हणे, आजोबा, काय सांगू? जन्मभर मी लोकाइले विचारलं, अन् मलेच उत्तर सुचलं नाही गा."

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. इतक्यात बॅग घेऊन रेमी ड्युटीवर निघाली. काकांनी सवयीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"जेवली काय वं?"

काकांनी हातानं केलेली घासाची खूण तिला समजली. "खा लिया, अंकल. आपने?"

आमच्या इमारतीत हे काकांना कुणी विचारत नाही. विचारणाऱ्या काकू होत्या.

"नाही वं," ते म्हणाले. काकांचा इतका बारीक आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.